अभ्यासवर्गातील वेळ : चर्चा आणि गप्पा

अभ्यासवर्ग कसा चालवावा, यावर आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे. कोणती पुस्तके घ्यावीत, वक्ता कोण बोलवावा, वर्गणी किती ठेवावी, या गोष्टींची चर्चा होते. परंतु जमलेली माणसे आपला वेळ प्रत्यक्षात कशी घालवतात, याकडे सहसा कोणी पाहत नाही. दोन तासांपैकी किती वेळ विषयावर जातो आणि किती इकडच्यातिकडच्या गोष्टींत? कोण विषयावर बोलतो आणि कोणाला फक्त चहाच्या वेळी कंठ फुटतो? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही तो क्षुल्लकच वाटत होता. एका मुलाची हक्काची जागा गेली तेव्हा त्याचे मोल कळले. तो प्रसंग पुढे सांगणार आहे. आधी हा वर्ग कोठे आणि कोणामध्ये चालतो, ते सांगणे जरूर आहे.

एकलहरे हे नाशिक रोडपासून जवळचे, गोदावरीकाठचे गाव. येथील औष्णिक वीजकेंद्राचे पहिले दोन संच १९७०-७१ साली सुरू झाले. २१० मेगावॅटचे आणखी तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले. पहिले दोन आता कायमचे बंद आहेत. उरलेल्या तिघांची मिळून क्षमता ६३० मेगावॅट आहे. माझे आजोबा या केंद्राच्या बांधकामावर मातीकामाला आले. वडील कंत्राटदाराकडे कोळशाच्या कामावर होते. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि आता एका महाविद्यालयात शिकवतो. चिमणीच्या धुराखाली वाढलेल्या माझ्यासारख्या मुलांना वाचनाची गोडी लागली ती वस्तीतल्या बुद्धविहारात. त्या विहारातच आम्ही काही जणांनी रविवारचा अभ्यासवर्ग सुरू केला. संध्याकाळी सहा ते आठ. त्याचा चिटणीस मी होतो.

वर्गाला येणारी माणसे एका तऱ्हेची नव्हती. वीजकेंद्रातले कायम कामगार होते. राख आणि कोळसा उपसणारे कंत्राटी मजूर होते. द्राक्षबागांत खुडणीला आणि विटांच्या कामाला जाणाऱ्या बाया होत्या. नाशिक रोडला कॉलेजात जाणारी मुले-मुली होती आणि आम्ही दोन-तीन शिक्षक होतो. या सर्वांना 'सभासद' हे एकच नाव असले तरी त्यांच्या दोन तासांचा अर्थ एक नव्हता.

वेळ कोणाच्या मालकीचा?

मुळात फुरसतीचा वेळ ही वस्तू आपल्या समाजाच्या वाट्याला कधी आली, हे आधी पाहिले पाहिजे. गावगाड्यात पारावर बसून गप्पा मारण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. चावडीवर महाराने बाहेर उभे राहायचे आणि निरोप घेऊन धावायचे. वतनदार महाराची चाकरी दिवसाच्या कोणत्याही प्रहरी मागितली जाई. त्याच्या अंगमेहनतीइतकाच त्याचा वेळही गावाच्या मालकीचा होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे ही वेठ मोडण्याचीच तळमळ होती. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज कामगाराची जी संध्याकाळ आपण गृहीत धरतो, ती अशी झगडून मिळवलेली आहे. ती कशी घालवावी, हा म्हणूनच चळवळीचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी तो ओळखला होता. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे होती, तशीच वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्गही होते. आणि त्याच सभेने मुंबईत वाचनालयाच्या जोडीला महार हॉकी क्लबही चालवला, ही गोष्ट आपण विसरतो. तरुणांची मने जुगारापासून आणि दारूपासून वळवायची तर केवळ पुस्तक पुरणार नाही, खेळायलाही जागा हवी, हे त्या संस्थेला कळत होते. वाचन आणि खेळ एकाच सभेच्या कामात बसत होते.

'निरर्थक' म्हणजे काय?

आमच्या वर्गात मात्र मी उलट वागलो. सुरुवातीच्या महिन्यांत सहाचा वर्ग प्रत्यक्षात पावणेसातला सुरू होई. त्याआधी सगळा गलका. कोणाच्या मुलीला स्थळ आले, कोणाची पाळी बदलली, कोणत्या मुकादमाने कोणाचा खाडा लावला, कोणी कोणाची नक्कल केली. मला हे सहन होईना. एवढ्या कष्टाने जमवलेली माणसे वेळ वाया घालवतात, असे वाटे. मी एक नियम केला : सहाला त्रिसरण-पंचशील आणि लगेच विषय, विषयाबाहेरचे काहीही विहारात बोलायचे नाही. या नियमाला मी धम्माचा आधारही शोधला.

तो आधार खोटा नव्हता. पाली सुत्तांत 'तिरच्छानकथा' म्हणून भिक्खूंनी टाळायच्या बोलण्याची एक लांबलचक यादी येते. राजे, चोर, सैन्य, अन्न, वस्त्रे, नातेवाईक, गावे, रस्ता, पाणवठा यांच्याविषयीच्या गोष्टी. भिक्खूंनी एकत्र जमल्यावर एकतर धम्माविषयी बोलावे किंवा आर्य मौन पाळावे, असे तेथे सांगितले आहे. मी ही यादी वर्गात वाचून दाखवली आणि विजयी मुद्रेने खाली बसलो.

तेव्हा वर्गात शिकणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पाणवठ्यावरच्या गोष्टी निरर्थक, तर मग महाडला आपण कशासाठी गेलो होतो?"

सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. पुष्कळ दिवसांनी ते सापडले, आणि तेही त्या वाङ्मयातच. ही यादी घर सोडलेल्या भिक्खूसाठी आहे. ज्याने नाती, अन्न आणि गाव यांची ओढ सोडली, त्याने त्यांच्यावर बोलत बसणे ही माघार ठरते. उपासकाची गोष्ट वेगळी; त्याला त्याच गावात राहून त्याच पाणवठ्यावर न्याय मिळवायचा असतो. वायफळ बडबडीपासून दूर राहण्याचा उपदेश गृहस्थालाही आहे. परंतु अशा बडबडीपासून दूर राहणारा माणूस कसा असतो, हे सांगताना सुत्तांनी विषयांची यादी दिलेली नाही. तो कालवादी असतो, भूतवादी असतो, अत्थवादी असतो, असे म्हटले आहे. म्हणजे योग्य वेळी बोलणारा, खरे बोलणारा, अर्थाचे बोलणारा. कसोटी विषयाची नसून वेळेची, सत्याची आणि अर्थाची आहे. त्यातही वेळ पहिली सांगितली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. पण हे समजेपर्यंत माझ्या हातून चूक होऊन गेली होती.

तो रविवार

त्या दिवशी बाबासाहेबांच्या 'जातिनिर्मूलना'वर चर्चा होती. १९३६ सालच्या या न झालेल्या भाषणावर मी आठवडाभर टिपणे काढली होती. विहारात शिरताना राखेच्या कामावरचे एक काका पुढे आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"जयभीम सर. पोराचं जातपडताळणीचं अडकलंय. कागद कमी आहे म्हणत्यात. कोणाला भेटावं?"

मी घड्याळाकडे पाहिले. "काका, आधी विषय होऊ द्या. नंतर बघू."

विषय झाला, लांबला. नंतर विद्यार्थ्यांनी मला गराडा घातला. काकांची रात्रपाळी होती. ते निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी दुसऱ्या कामगाराकडे चौकशी केली तेव्हा समजले, की मुलाला इंजिनिअरिंगला राखीव जागा मिळाली होती, मुदतीत वैधता प्रमाणपत्र सादर झाले नाही आणि ती जागा गेली. खुल्या जागेची फी भरणे त्यांना शक्य नव्हते. मुलाचे वर्ष गेले आणि त्याबरोबर शिक्षणावरचे मनही गेले. आज तो एका दुकानात काम करतो.

आता त्या प्रश्नात काय होते, ते पाहा. अनुसूचित जातीचा दावा सिद्ध करण्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. काकांच्या वडिलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते, म्हणून शाळेचा दाखला नाही. अशा वेळी मूळ गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची, म्हणजे कोतवाल बुकाची, नक्कल काढावी लागते. त्या नोंदीत 'महार' लिहिलेले असते. मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. हा फरक का पडला, याचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ या तारखेत आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या घटनात्मक सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत १९५०, १९५६ आणि १९९० ही तिन्ही साले होती. ज्याने शाळा नाकारली त्याच व्यवस्थेच्या वारसांकडे शाळेचा पुरावा सादर करायचा, ही जातीची खरी कहाणी त्यात होती. आणि मी जातिनिर्मूलनावर बोलायचे म्हणून ती बाजूला सारली. एका वाक्यात सांगता आले असते : मूळ गावच्या तहसिलीतून कोतवाल बुकाची नक्कल काढा, उद्या मी बरोबर येतो. हे मला माहीत होते. मी स्वतः माझ्यासाठी ते केले होते.

कोण केव्हा बोलतो?

त्यानंतर मी वर्गाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जे दिसले त्याचा हिशेब असा.

पदवीधर आणि विद्यार्थी विषयावर बोलतात, कारण विषयाची भाषा त्यांच्या हाताशी असते. 'व्यवस्था', 'जाणीव', 'शोषण' हे शब्द त्यांनी परीक्षेत लिहिलेले असतात. गप्पांत ते कमी असतात. काहींना त्या हलक्याही वाटतात. आपण आता वर आलो, हे दाखवण्याची ती एक रीत आहे. मी तिला बळी पडलो होतो.

पाळीचा कामगार रात्रपाळी करून दिवसा जेमतेम झोपलेला असतो. सलग तासभर ऐकणे त्याच्या शरीराला झेपत नाही. तो पहिली वीस मिनिटे मन लावून ऐकतो आणि मग बाहेर विडी ओढायला जातो. आपण त्याला 'गंभीर नाही' म्हणतो. खरे तर तो वर्गातला सर्वांत जास्त किंमत मोजून आलेला श्रोता असतो.

कंत्राटी मजूर विषयाच्या वेळी बहुधा गप्प. चूक बोललो तर शिकलेली पोरे हसतील, ही भीती. आणखी एक भीती आहे : बोललेले मुकादमाच्या कानावर गेले तर? तो आधी थट्टामस्करीतून अंदाज घेतो. कोण कसा हसतो, कोण चुगली करणारा वाटतो, हे ताडतो आणि मगच मनातले बोलतो. त्याची थट्टा म्हणजे विश्वासाची चाचपणी असते.

बायांचा वेळ तर आणखी चोरून आणलेला. सहा ते आठ ही चुलीची वेळ. त्या उशिरा येतात, लवकर जातात, आणि चहा करण्याचे काम पुन्हा त्यांच्याकडेच. त्यामुळे त्यांचे बोलणे चहाच्या भांड्यापाशी होते. आम्ही पुरुष त्याला 'बायकांच्या गप्पा' म्हणतो. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ सालचे पुस्तक आठवावे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या कामाची माहिती त्यांना त्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून गोळा करावी लागली. सभांच्या नोंदींनी जे टिपले नव्हते, ते बायांच्या आठवणींत आणि बोलण्यात शिल्लक होते.

थोडक्यात, ज्याला आपण गंभीर चर्चा म्हणतो तिच्यात शिकलेल्यांचा वाटा मोठा, आणि ज्याला गप्पा म्हणतो त्यांत कष्टकऱ्यांचा. गप्पांवर बंदी घातली म्हणजे वेळ वाचला, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मी अर्ध्या वर्गाचे तोंड बंद केले होते.

गप्पांची दुसरी बाजू

याचा अर्थ गप्पा नेहमी निर्मळ असतात, असा नाही. पोटजातीवरून टोमणे गप्पांतच मारले जातात. बाईच्या चालीरीतीवर कुजबुज तेथेच होते. कोणाला निवडणुकीत पैसे मिळाले, कोणाचा नेता विकला गेला, याची पुराव्याशिवाय वाटणी होते. आपल्या संघटनांतली फूट सभेत जाहीर होते, पण तिचे बी सभेनंतरच्या चहात पेरलेले असते. शिवाय गप्पांना अंत नसतो. मोकळे सोडले तर त्या सगळा वेळ खातात आणि पुस्तक मिटलेलेच राहते. आपल्या मुलांना घरी पुस्तक वाचून दाखवणारे कोणी नाही. विहारातही वाचले गेले नाही तर कोठे वाचायचे? म्हणून 'चालू द्या गप्पा, लोकांना तेच आवडते' असे म्हणणारा कार्यकर्ताही लोकांना कमीच लेखत असतो. त्यांना गंभीर विचार पेलणार नाही, असे त्याने परस्पर ठरवलेले असते.

मग मेळ कसा घालावा? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच होते. १९३० च्या २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. त्या धामधुमीच्या काळात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी खेडोपाडी आंबेडकरी जलसे नेले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला शृंगार टाकला, आणि गाणी व विनोदी संवाद यांतून मृत जनावराचे मांस सोडा, मुलांना शाळेत घाला, हे सांगितले. दिवसभर राबून आलेली माणसे रात्र रात्र बसत. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी ती परंपरा गाण्यातून घरोघर पोहोचवली.

जलशातला विनोद म्हणजे कडू औषधावर लावलेली साखर, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. सोंगाड्या भोळेपणाने भटजीला प्रश्न विचारतो आणि भटजीची बोबडी वळते, तेव्हा प्रेक्षक हसतो. ते हसणे म्हणजेच विचार पटल्याची पावती असते. ज्याच्यापुढे पिढ्यान्पिढ्या मान खाली घातली त्याला हसता येणे, ही गुलामी सैल झाल्याची खूण असते. जलशात गंमत आणि गांभीर्य असे दोन वेगळे खण नव्हते. एक दुसऱ्याकडे नेत असे. मात्र त्याला क्रम होता. कोणते केव्हा, हे जलसाकाराला ठाऊक असे. 'कालवादी' या शब्दाचा अर्थ मला असा नाशिकच्या मातीत सापडला.

आम्ही काय बदलले

आम्ही वर्गाची घडी बदलली. यात नवे काही नाही, पण इतरांना उपयोगी पडावे म्हणून लिहितो. सहा ते साडेसहा ख्यालीखुशाली. त्या वेळी एक जण वही घेऊन बसतो. कोणाचा दाखला, कोणाचा थकलेला पगार, कोणाच्या मुलीची शिष्यवृत्ती, हे नावासह उतरवून घेतो, आणि ते काम कोण करणार तेही त्याच वेळी लिहिले जाते. साडेसहा ते सव्वासात वाचन आणि चर्चा. पाऊण तास, पण तो अभंग. त्यात फोन नाही की निरोप नाही. वहीतला एखादा प्रश्न विषयाशी जोडता आला तर त्यापासून सुरुवात. मग चहा, आणि चहा पुरुषांनी करायचा. शेवटची पंचवीस मिनिटे कोणीही काहीही बोलावे. एकच बंधन, गैरहजर माणसाविषयी तो हजर असता तर जे बोललो नसतो ते बोलायचे नाही. हे बंधन पाळणे सर्वांत अवघड जाते, हे कबूल केले पाहिजे. ते कितीदा मोडते, याची गणती नाही.

विषयाचा वेळ पूर्वीपेक्षा कमी झाला, पण त्या वेळात बोलणारी तोंडे वाढली. खुडणीला जाणाऱ्या एका मावशींनी मजुरीच्या हिशेबापासून सुरुवात करून वतनदारीवर जे सांगितले, ते माझ्या टिपणांत नव्हते. मी ते लिहून घेतले.

ते काका अद्याप वर्गाला येत नाहीत. मी घरी गेलो होतो. त्यांनी पाणी दिले, चहा दिला, राग दाखवला नाही. निघताना म्हणाले, "सर, तुमचं भाषण चांगलं होतं त्या दिवशी. मी दारातून ऐकलं थोडं." मला काय बोलावे ते सुचले नाही. त्यांची धाकटी मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या जातपडताळणीची कागदपत्रे आम्ही आत्तापासून जमवायला घेतली आहेत. कोतवाल बुकाची नक्कल मिळाली आहे. वहीत तिच्या नावापुढे माझे नाव लिहिलेले आहे.

गावोगावच्या अभ्यासवर्गांच्या चिटणिसांना माझे एवढेच सांगणे आहे. पुढच्या बैठकीत घड्याळ जरूर पाहा, पण ते भिंतीवर राहू द्या. दारात कोणी पिशवी घेऊन उभे असेल, तर आजचा विषय कदाचित त्या पिशवीत असेल.